भट्टीवरचा काटा

येरमाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमची खव्याची भट्टी आहे. वडिलांचं पोट हीच तिची जाहिरातीची पाटी. "वाळल्याल्या माणसाकडचा खवा कोण घेतंय?" असं ते गिऱ्हाइकालाच विचारायचे. कढई उतरली की चव बघायला खव्याचा गोळा त्यांच्या तोंडात जायचा, आणि तळाची खरवड साखर घालून माझ्या. मी त्यांच्याच मापाचा झालो. पुढे खरवडीची वाटी माझ्या मुलीकडे गेली. खात्यापित्या घरचं लेकरू, एवढंच आम्हाला दिसत होतं.

ती नऊ वर्षांची असताना तिच्या मानेवर काळपट पट्टा उमटला. मळ समजून बायकोने आठवडाभर टाचा घासायच्या वजरीने घासला. पोर रडायची, पट्टा काही जाईना. मग धाराशिवला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मान बघितली, नंतर मला आणि वडिलांना आपादमस्तक न्याहाळलं. वडिलांना शुगर होतीच.

"हा मळ नाही. पुढे शुगर होऊ शकते, त्याची ही खूण आहे," त्या म्हणाल्या. "थोडं रक्तातून येतं, थोडं ताटातून. रक्त बदलता येत नाही. ताट बदला, पण सगळ्यांचं. एकट्या पोरीला उपाशी ठेवू नका. आणि महिन्याला वजन बघा."

मला त्यांचा रागच आला. घरी येईपर्यंत मी कुरकुरत होतो.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी खवा चिमटीत चोळला, त्याचा रवाळपणा पाहिला आणि तोंडात न टाकताच हात धुतला. जन्मभराची चव बघायची सवय त्या सकाळी सुटली. खरवडीची वाटीही बंद झाली. संध्याकाळी नातीला घेऊन ते शेतापर्यंत चालत जायला लागले.

अडलं ते वजनापाशी. शाळेत पोरं तिला पोतं म्हणायची. खव्याच्या पाट्या तोलायचा आमचा मोठा काटा दिसला की ती आत पळायची. एकदा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना वडिलांनी काट्यावरची पाटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि स्वतः वर चढले.

"क्विंटलाच्या वर हाय बाई माझं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बघू आता, शेताच्या वाटंला आधी तुझं पळणं वाढतंय का माझं पोट उतरतंय."

पोर हसली आणि चढली. ज्या पोटाच्या जोरावर माणसाने उभा जन्म धंदा केला, ते त्याने नातीसाठी भर दुकानात कमी करायला काढलं. माझ्या अंगात तेवढी धमक नव्हती.

"पप्पा, आता तुमी," मुलगी म्हणाली.

ढवळणं थांबलं तर दूध तळाला लागेल म्हणून मी कढईकडे बोट दाखवलं. वडिलांनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. नाइलाजाने मी चढलो. माझा आकडा त्यांच्याही पुढे गेला. मला मान वर करवेना.

हा माणूस आयुष्यात कुणापुढे चुकलो म्हणाला नव्हता. दूध ढवळत, माझ्याकडे न बघता ते हळूच बोलले, "तुला म्या खाऊ घातलं, माझं चुकलं. पर हिच्याबाबतीत तू चुकू नगंस."