चुना दिलेला पत्रा

समोरच्या शेवंताबाईंनी घराच्या पत्र्याला चुना दिला आणि माझ्या खोलीत उजेड मावेनासा झाला. मी वरच्या मजल्यावर राहते, त्यांचं छप्पर बरोबर माझ्या खिडकीखाली. दुपारी वर्तमानपत्र उघडलं की डोळे दिपायचे. तीन दिवस चरफडले. चौथ्या दिवशी भरदुपारी तावातावाने खाली उतरले.

दार उघडंच होतं. आत खाटेवर त्यांच्या सासूबाई गाढ झोपल्या होत्या. शेवंताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात दिवसभर ओला पंचा पांघरवून बसवायचे हो यांना. चुना दिल्यापासून दुपारचा डोळा लागतो." मग विचारलं, "काही काम होतं का?"

"नाही, सहज आले."

एखाद्याच्या डोक्यावरचं ऊन हटतं, तेव्हा ते जातं कुठे, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्यातलं थोडं माझ्याकडे आलं होतं, एवढंच.

संध्याकाळी जुन्या चादरीचा पडदा शिवून खिडकीला लावला. दुपारी तो ओढताना रिंगांचा आवाज होऊ देत नाही. खाली कुणीतरी झोपलेलं असतं.