गुंडाचा पोचा

मी भिंतीले चुना मारनारा मानूस. शाळा एवढी शिकलो का सही कराले बी घाम फुटते, आन ते बी दरवेळी येगळी येते. असा मानूस चित्रं कसा काढाले लागला, तर धरमपेठेत एका रिटायर ड्रॉइंग मास्तरच्या घरी काम निघालं. टेबलावर एक सुरई आन दोन संत्री होती. मी त्यातलं एक सोलून खाल्लं. मास्तर आले, म्हने, "अरे, त्याचं अर्धं चित्र झालं होतं."

लाज वाटली म्हनून दुसऱ्या दिवशी संत्रं घेऊन गेलो. मास्तर हसले. "आता तूच काढ," म्हने.

तिथून नाद लागला. दर रविवारी सायकलनं जाचो. "समोर आहे तेच काढायचं, तुला आवडते ते नाही," मास्तर एवढंच शिकवाचे. माहं वांगं दोन महिने बुटासारखंच दिसे.

मंग पोरीचं लग्न जमलं. बायको म्हने, "अवो, माह्या मायचा गुंड पोरीसंग देऊन राहिली मी. तो जाच्या आधी त्याचं चित्र काढून द्या मले."

गुंड म्हंजे पानी भराचा, पितळेचा. पोर लहान असताना तिच्या हातून नळावर पडला होता, तवाचा पोटाले पोचा. गुंड मी खिडकीपाशी मांडला. कोनी हात लावाचा नाही. आठ दिवस बायकोनं पिप्यानं पानी आनलं.

"गुंड लग्नाले जाईन, का इथंच म्हातारा होईन?" ती म्हने.

पन चित्र साधलं. पितळेची चमक बी आली. मास्तर म्हने, "झालं. आता हात लावू नको."

लग्न झालं, पोर गेली, गुंड गेला. चित्र घरात होतं, आन त्यातला पोचा मले रोज खुपे. सारा जनम भिंतीच केल्या ना. आमच्या कामात खड्डा दिसला का आधी लांबीचा लगदा भराचा, घासाचा, मंग रंग. एका दुपारी मी तो पोचा रंगानं बुजवला. वरून दोन हात मारले. गुंड असा गुळगुळीत का दुकानातला वाटे. बायकोले हाक मारली.

तिनं पाह्यलं. "कोनाचा हाय हा?"

"तुहाच ना वं."

"माह्या गुंडाले पोचा होता. कमरेवर घेताना अंगठा तिथंच ठेवाची मी."

"फुकटात दुरुस्त करून देल्ला," म्हटलं. ती हसली नाही. आत जाऊन कनिक मळाले बसली.

इतक्या वर्षांत तिचा अंगठा मले दिसला नव्हता. आठ दिवस गुंडाकडं डोळे फाडून पाहत होतो, तवाबी नाही.

पोचा परत काढाले गेलो. एकदा त्याचं भोक झालं, एकदा तोंड झालं. शेवटी म्हटलं, जाऊन पाहून येऊ. रामटेकले पोरीच्या घरी गेलो. तिच्या सासूनं गुंडाचं पितळ मोडीत देऊन स्टीलची टाकी आनली होती. मी त्याच टाकीतलं पानी पेलो, "मस्त हाय," म्हटलं, आन परत आलो.

बायकोनं ताट वाढलं. "पाह्यला गुंड?"

"पाह्यला. मजेत हाय."

"पोरीचा अंगठा बसते का पोच्यात?"

"बसते," म्हटलं, आन अर्ध्या जेवनातून हात धुवाले उठलो.