कुठल्याच यादीत नसलेल्या नर्सबाई

"कुणाची कोण ते मागीर. आधी तुझं नाव सांग गो!"

कळा देणाऱ्या बाईला नर्सबाईंचा पहिला प्रश्न हाच असायचा. उत्तर आल्याशिवाय त्या बाह्या दुमडत नसत. लोणावळ्याच्या आमच्या आळीत प्रत्येक जण कुणाची तरी सून, नाहीतर कुणाची तरी आई. नर्सबाईंना मात्र आम्ही सखू, द्वारका, फातमा आणि सिंधू. सिंधू म्हणजे मी.

त्या लग्न होऊन गोव्याहून आल्या. नवरा रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता. तो वारला तेव्हा लोकांना वाटलं, ही आता माहेरी जाईल. त्या गेल्या नाहीत, दवाखान्यात लागल्या. घोट्यापर्यंतचा फ्रॉक, काखेत पुरुषी काळी छत्री आणि भाताच्या बांधावरून मळवलीपर्यंत पायपीट. तुम्ही पाहिलं असतंत तर वाटलं असतं, ही बाई कुणाशी तरी भांडायला निघाली आहे.

आमच्याकडे त्यांचा कप वेगळा, बाहेरच्या कोनाड्यात. त्यांचा हात लागला की सासूबाई अंघोळ करायच्या. नर्सबाईंना ते ठाऊक होतं. "न्हा आवय, न्हा," त्या म्हणायच्या, "पण माझ्यासाठीसुद्धा घंगाळभर ठेव. मलाही न्हायचंय."

माझा पहिला मुलगा पायाळू. दोन दिवस त्या माझ्या उशापासून हलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांना घरातल्या कपातून चहा दिला.

पुढे प्रांताच्या निवडणुकीसाठी मतदारांची नावं लिहायला एक कारकून आला. ज्यांच्या घरी थोडी जमीन होती किंवा ज्यांना लिहिता येत होतं, अशा बायकांनाही मत मिळणार होतं. पण परक्या पुरुषाला नाव कोण सांगणार? दारं लागली. कारकून रडकुंडीला आला, तेव्हा नर्सबाई छत्री घेऊन त्याच्याबरोबर निघाल्या. बंद दारांकडे बोट दाखवत त्या नावं सांगत गेल्या.

मुसलमानांची यादी निराळी, ख्रिस्त्यांची निराळी, बाकीच्यांची निराळी. फातमाचं नाव दुसऱ्या वहीत गेलेलं पाहून त्या थबकल्या.

"हिच्या आणि सिंधूच्या दारात एक भिंत आहे फक्त. वह्या दोन कशाला?"

"कायदा आहे, बाई."

"बरं. माझं घाल."

कारकुनानं तिसरी वही उघडली. "जन्म कुठला?"

"म्हापशाजवळचा."

त्याची लेखणी थांबली. "मग तुम्ही पोर्तुगिजांची रयत. तुमचं नाव यात बसत नाही."

"कुठल्यात बसतं?"

"कुठल्याच नाही."

चोवीस वर्षं झाली होती त्यांना इथं. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "पुढचं घर द्वारकाचं. लिही."

मतदानाच्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना शाळेपर्यंत नेलं. माहेरची मळवलीची सखू दारातच अडली. "मावशी, मला न्हाई जमायचं. लय माणसं हायेत तितं."

"बाळंत होताना घाबरली नाहीस, आणि चिठ्ठी टाकायला घाबरतेस?"

आमची तान्ही त्यांनी घेतली. शिपाई हटकू लागला, "मत नसेल त्यांनी लांब बसा."

"यांनाही नाही," मांडीवरच्या पोरांकडे बघत त्या म्हणाल्या. "एकवीस वर्षं थांबायचंय यांना. मी यांच्यातच बसते."

शिपाई हसला. त्याची बायकोही त्यांच्याच हातची बाळंतीण.

मी बाहेर आले. फातमा दुसऱ्या दारानं आली. कुणाला मत दिलं, ते नर्सबाईंनी विचारलं नाही. हळूच म्हणाल्या, "आत कसं असतं गो?"

मी सांगितलं. टेबल, साहेब, पेट्या, मध्ये धरलेला कापडाचा आडोसा. त्या ऐकत राहिल्या. दूरच्या गावी दिलेल्या लेकीनं माहेरचं ऐकावं, तशा.

लढाईच्या दिवसांत मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली आणि भाऊ येऊन त्यांना गोव्याला घेऊन गेला. वर्षभरानं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं. "इथं मला घाटीण म्हणतात. चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसते. उकड्या तांदळाचा भात घशाखाली उतरत नाही."

रेशनचे दिवस होते. तरी सखूनं, द्वारकानं, फातमानं आणि मी मूठमूठ करून पायलीभर आंबेमोहर जमवला. रेल्वेतला एक गोवेकर स्वयंपाकी सुटीवर निघाला होता, त्याच्याजवळ पिशवी दिली.

तो परतला तेव्हा आम्ही चौघीजणी त्याच्या दारात उभ्या.

"भात केला का हो त्यांनी?"

"ते काय बघितलं नाय," तो म्हणाला. "मी होतो तोवर पिशवीत तोंड घालून बसली होती."