शुक्रवारी राहिलेली सुई

बाजार मागे पडला तरी आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नव्हतो. पिशवी माझ्या हातात होती. एदनामावशी माझ्या बाजूने चालत होत्या, पण पिशवीला धक्का लागणार नाही इतकं अंतर राखून. पिशवीत चिंधी होती. चिंधी म्हणजे त्यांच्या नातीची, हादारची मांजर. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि लाळेबरोबर पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गोधडी शिवायची सुई होती. ती घशात अडकली होती की पोटात गेली होती, ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

शनिवारची दुपार होती. इस्राएलातल्या या बेर्शेबात शनिवारी बस नाही, दुकानं बंद, आणि त्यात वाळवंटाकडून तो कोरडा वारा सुटलेला. भट्टीसमोर उभं राहावं तसं तोंड भाजत होतं. मावशी शब्बाथ पाळायच्या, म्हणजे ज्यूंचा शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी गाडीत बसायचं नाही, ओझं घेऊन रस्त्याने जायचं नाही, जनावर उचलायचं नाही. म्हणून मांजर माझ्याकडे. निघताना कोपऱ्यावर एक टॅक्सी दिसली होती. मी एकटीने पुढे जावं, त्या मागून चालत येतील, असं ठरलंही होतं. पण टॅक्सीवाल्याने लाळ पाहिली, पिसाळलेलं जनावर आहे म्हणाला आणि काच वर करून निघून गेला. मग चालण्याशिवाय काय राहिलं? जुन्या गावाच्या पलीकडे रशियाहून आलेला एक जनावरांचा डॉक्टर राहत होता. तो शब्बाथ पाळत नसे आणि घरीच जनावरं तपासायचा. हादारने चिंधीला लस टोचून आणलं होतं ते त्याच्याकडूनच.

एदनामावशी आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. माझे यजमान कौशिक विद्यापीठात पाण्यावर संशोधन करायला गेले होते, आणि मी संगमनेरच्या मराठी शाळेत शिकलेली बाई, जिन्यात मराठी ऐकून रडलेच होते. मावशी कोकणातल्या ज्यू. बालपण रेवदंड्याचं, लग्नानंतर मुंबई, आणि तिथून नवऱ्याबरोबर इस्राएल. इथे जन्म गेला कापडाच्या फॅक्टरीत. नवरा, मेईरभाऊ, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अविशाय आणि सून दूर एलात शहरात हॉटेलात कामाला. घरात मावशी, चिंधी, आणि एक आंधळा होत चाललेला पोपट.

त्यांच्या घरात टाकून दिलेलं असं काही नव्हतंच. खोक्यांना बांधून येतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या पिशव्या त्या विणायच्या, आपल्याकडे वायरच्या पिशव्या असत तशा. चिंधी होती ती पिशवी त्यातलीच. दुधाच्या पावडरीच्या डब्यात कढीपत्ता. साबणाच्या चिपट्या जुन्या मोज्यात भरून भांडी घासायला. पोपटाच्या पिंजऱ्याखाली परकराच्या कापडाची झालर, म्हणजे भुसा जमिनीवर पडत नाही. आणि गोधड्या. फॅक्टरीतले तुकडे, मेईरभाऊंचे सदरे, फाटक्या चादरी. अविशाय आला की म्हणायचा, आई कचरा शिवते. मावशी म्हणायच्या, "कचऱ्याखाली झोपूनच मोठा झालास."

हादार सैन्यात होती. तिचा तळ बेर्शेबाजवळ, म्हणून सुट्टीत ती एलातला न जाता आजीकडे यायची. तिला मराठी कळायचं, बोलायची मात्र हिब्रूत. चिंधीचं पिल्लू तिने तळाच्या कुंपणाशी उचललं आणि आजीकडे आणून सोडलं. ते सगळा दिवस चिंध्यांच्या गाठोड्यात झोपायचं. नाव तिनेच ठेवलं. तिच्या तोंडून निघालेला पहिला मराठी शब्द तो, असं मावशी सगळ्यांना सांगायच्या.

चौकात आम्हाला सिम्हाबाई भेटल्या. मावशींच्या सिनेगॉगमधल्या, मुंबईच्याच. डोक्याला रुमाल, हातात काही नाही. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग विचारलं, इतक्या उन्हात कुठे?

"जरा हवा खायला," मावशी म्हणाल्या.

सिम्हाबाईंनी त्या वाऱ्याकडे तोंड करून डोळे मिचकावले. "खा बाय, खा. पोटभर खा." आणि गेल्या.

त्या वळल्या तेव्हा चिंधीने घशातून असा काही आवाज काढला की मी पिशवी खाली ठेवली. वरचा फडका बाजूला केला. ती मान ताणून तोंड उघडत होती आणि दोरा आधीपेक्षा जास्त बाहेर आला होता. मावशींचा हात पुढे आला. तो दोरा धरून ओढावा असं त्यांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. पण ओढला आणि सुई आतच उलटी रुतली तर? त्यांचा हात तसाच हवेत थांबला आणि मागे गेला. मी फडका पुन्हा घातला. मनात मारुतीचं नाव घेत होते, शनिवार त्याचाच. मावशी त्यांच्या एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलल्या, पुटपुटत, पण मला ऐकू आलं.

पुढे एका बंद दुकानाच्या सावलीत त्या पायरीवर बसल्या. बसायला वेळ नव्हता, पण त्यांचा गुडघा दुखत होता.

"मी बघितली होती," त्या म्हणाल्या.

काय, ते मला कळेना.

"सुई गो. काल बघितली होती मी."

मग त्यांनी सांगितलं. हादारसाठी गोधडी शिवायला घेतली होती. शुक्रवारी दुपारी शेवटची कड राहिली. शब्बाथचे दिवे लावायच्या आधी सुई डब्यात जायचीच, हा त्यांचा नेम. रेवदंड्याच्या आजीने घालून दिलेला: दिवे लागले की सुईला हात नाही. पण काल ती कड पुरी करायच्या नादात उशीर झाला, सुई दोऱ्यासकट गोधडीत खोचली आणि धावत दिवे लावले. प्रार्थना झाल्यावर खोलीत गेल्या तेव्हा ती दिसली. दोरा खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि चिंधी त्याला पंजा मारत होती.

"आणि मी काय केलं? मांजरीला हाकललं, दार लोटलं. हात नाय लावला. दार लोटलं, झालं, असं वाटलं मला. ती दार ढकलते हे काय मला ठाऊक नव्हतं?"

मला त्या नेमात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्याकडे तिन्हीसांजेला सुई कुणाच्या हातात देत नाहीत, मीठही देत नाहीत. का देत नाहीत ते मी कधी विचारलं नाही. मी त्यांना म्हटलं, मावशी, देवाने काही मांजर मारायला सांगितलं नव्हतं.

"तेच म्हणेल ना हादार. माझ्यासारखी रडत नाय म्हणणार, तोंडावर म्हणेल." त्या उठल्या. "आणि मग येईल कशाला माझ्याकडे? तिच्या मैत्रिणींचं घर आहे की इथंच, मोठं, थंडगार. मांजरीसाठी येते म्हणून माझी सोजी खाते."

चिंधी ओरडायची थांबली होती. ओरडत होती तेव्हा बरं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं. मी जवळजवळ पळायलाच लागले, आणि मावशी माझ्या मागे, एका हाताने गुडघा धरून.

डॉक्टर अर्ध्या चड्डीत आणि बनियनवर बाहेर आला. धिप्पाड माणूस, बोलणं हळू. त्याने टेबलावर चिंधीचं तोंड उघडून दिव्याखाली बघितलं. दोरा जिभेच्या मुळाशी अडकून खाली गेलेला, सुई दिसत नव्हती. ओढला नाहीत हे चांगलं केलंत, म्हणाला. मग विचारलं, सुई कुठली?

"रस्त्यावरची," मावशी हिब्रूत म्हणाल्या. "मुलं काय काय टाकतात. कुठेतरी गिळली असेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या टेबलाकडे बघत होत्या.

डॉक्टरने मान हलवली. मग सुई लहान आहे की मोठी, हे कळत नाही, म्हणाला. त्याच्याकडे क्ष-किरणाचं यंत्र नव्हतं. नेहमीची बारीक सुई असेल तर उद्या सकाळपर्यंत थांबून मोठ्या दवाखान्यात फोटो काढता येईल. लांब असेल तर थांबण्यात अर्थ नाही, आत्ताच भूल द्यावी लागेल, आणि इतक्या अशक्त मांजरीला भूल देणं हाही धोकाच. त्याला ठरवायचं होतं आणि ठरवायला काही हाताशी नव्हतं.

तो साबणाने हात धूत होता. पाण्याचा आवाज येत होता. मला हिब्रू शिकवणीत शिकलेलं सगळं आठवत होतं, लांब, मोठी, जाड. मी तोंड उघडलंच होतं.

मावशींनी उजव्या हाताचं बोट आणि अंगठा ताणून त्याच्यापुढे धरले. "एवढी. जाड. नेढं मोठं. दोरा दुहेरी, दोन हात लांब. मेण लावलेला."

डॉक्टरने त्या हाताकडे बघितलं, मग मावशींच्या चेहऱ्याकडे. रस्त्यावरच्या सुईला मेण लावलं होतं हे यांना कसं कळलं, असं त्याने विचारलं नाही. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला, आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

अंगणात एक लिंबाचं झाड होतं आणि तुटकी खाट. आम्ही खाटेवर बसलो. मावशींच्या मांडीवर रिकामी पिशवी ठेवायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं, तेव्हा ती मी जमिनीवर ठेवली. पिशवीच्या एका कोपऱ्यात पट्टी सुटली होती, चिंधीने नखांनी ओढलेली. मावशी तिकडे बघत राहिल्या. एरवी लगेच ओवून टाकली असती. आज तेही चालणार नव्हतं.

आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मध्येच भांड्याचा आवाज आला आणि आम्ही दोघी उठून उभ्या राहिलो, मग बसलो. मावशी एकदाच बोलल्या. मेईरभाऊंच्या वेळी हॉस्पिटलात पण असंच बाहेर बसवलं होतं, म्हणाल्या. तिथे निदान खुर्च्या होत्या.

ऊन झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेलं तेव्हा डॉक्टर आला. त्याच्या हातात वाडगं होतं. वाडग्यात सुई, आणि तो दोरा गुंडाळी होऊन पडलेला, रक्ताने तपकिरी झालेला. गळ्याच्या खाली आडवी बसली होती, म्हणाला. लहान समजून उद्यावर ढकललं असतं तर सकाळी आणायचं काही उरलं नसतं. आता श्वास चालू आहे. उद्या तोंडाने काही घेतलं तर जगेल. नाही घेतलं तर तोही काही करू शकत नाही. रात्री इथेच राहू दे.

मावशींनी त्याचे आभार मानले. वाडग्याला हात लावला नाही. डॉक्टर आत गेला.

उन्हं उतरत होती. संध्याकाळी तीन तारे दिसले की शब्बाथ सुटणार, बस सुरू होणार, आणि हादार खांद्याला पिशवी लावून आजीच्या दारात उभी राहणार. चिंधी कुठे आहे, हाच तिचा पहिला प्रश्न असणार. मी म्हटलं, चला मावशी, घरी पोचायला अंधार होईल.

त्या उठल्या नाहीत.

"निशी, मी तिला सांगणार आहे. सगळं. बघितली होती ते पण." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण माझं तोंड मला ठाऊक आहे गो. सिम्हाला खोटं सांगून झालं, या डॉक्टरला खोटं सांगून झालं. तिसऱ्यांदा तर मला ठरवायला पण नाय लागणार, आपोआप निघेल. ती दारात उभी राहिली की मी म्हणेन, रस्त्यावरची सुई होती."

मी जमिनीवरची पिशवी उचलली.

"तू आज माझ्याकडे ये. तिच्यासमोर बस. जेवू नको, काम काढू नको, नुसती बस. आणि मी तसं म्हटलं की तू मला थांबव. मराठीतच थांबव, तिला कळू दे. थांबवशील ना बाय?"