खोडं शंभर, झाड एकच

डॉ. नलिनीकाकूंची आणि माझी ओळख माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे झाली. अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या आमच्या मराठी मंडळाची सहल जॉर्जिया राज्याच्या दक्षिणेकडच्या रेताड रानात गेली होती. तिथे एका झुडपावर पांढरेशुभ्र तुरे फुलले होते. काहींना लाल धागा बांधलेला होता. गावाकडची सवय, देवघरासाठी मी धाग्याचेच दोन तुरे तोडले.

वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या काकू मागेच उभ्या होत्या. "अहो, धागा दिसला नाही का?"

"दिसला ना. वाटलं, कुणीतरी नवस बोललंय."

त्या खळखळून हसल्या. "बोललेय ना. मीच!"

मग त्यांनी समजावलं. ब्लूबेरीच्या कुळातलं हे जॉर्जिया प्लूम फक्त याच राज्यात उगवतं. एकाच मुळापासून अनेक खोडं फुटतात, पण स्वतःच्या परागांनी बी जवळजवळ धरत नाही. काकूंनी दूरच्या रानातून पराग आणून कुंचल्याने लावले होते, ते नेमके धाग्याच्या तुऱ्यांना. मी शरमेने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी काकू मोगऱ्याची कुंडी घेऊन आमच्या दारात हजर. "देवाची सोय नको का व्हायला?"

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे. एकदा राज्याच्या वनखात्यासाठी केलेल्या मोजणीत आम्ही मंडळाच्या स्वयंसेवकांनी शंभर झाडं लिहिली. काकूंनी आकडा खोडला. "खोडं शंभर, झाड एकच."

मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "काकू, मोठा आकडा रिपोर्टमध्ये बरा दिसतो."

"म्हणूनच नको. धोका टळला समजून याला यादीतून काढतील, आणि मग रान साफ करायला सगळे मोकळे!"

अहवालात 'एक'च गेलं. झाड अजून धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत आहे, आणि रान जागेवर आहे.

पहिल्या वर्षी उरलेल्या तुऱ्यांना चिमूटभर बी धरलं होतं. त्यातली सात रोपं काकूंनी घरी कुंड्यांत वाढवली. मागच्या हिवाळ्यात आम्ही ती रानात लावली. गुडघे दुखत असतानाही काकू प्रत्येक खड्ड्याशी बसल्या. उठताना म्हणाल्या, "फुलायला बरीच वर्षं घेतील. मी काही बघत नाही आता." त्या सहज बोलल्या, मला मात्र ते लागलं.

काकूंनी आता पंचाहत्तरी गाठली आहे. देवाकडे काही मागायची मला सवय नाही. हल्ली मात्र रोज दिवा लावताना मागतो: काकूंना निरोगी, उदंड आयुष्य मिळो आणि सातांतलं एक तरी रोप त्यांच्या डोळ्यांदेखत फुलो. तोवर रानात त्यांना बसायला एक घडीचं स्टूल मी गाडीत कायमचं ठेवून दिलं आहे.