गोठ्यासाठी घातलेला कोबा

पाम गावच्या पुष्पलताकाकीने नव्या गोठ्याचा ध्यास घेतला तो चांदी गाय गेल्यापासून. नवरा हयात असताना त्याने हौसेने जुन्या गोठ्यात गुळगुळीत शहाबादी फरशी बसवली होती. झाडायला सोपी, दिसायला छान. पावसाळ्यात शेणामुताने ती बुळबुळीत झाली आणि दिवस भरत आलेली चांदी उठता उठता घसरली. मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकले. डॉक्टर येऊन गेले, आळीतल्या माणसांनी पोटाखाली बांबू घालून उचलून पाहिलं, पण ती उभी राहिली नाही. पोटातल्या वासरासकट गेली.

काकीने दुसऱ्याच दिवशी पहार घेऊन फरशी उखडली. नवरा ओट्यावर बसून नुसता बघत राहिला.

तेव्हापासून जनावरं मुरमावर उभी राहू लागली. उन्हाळ्यात ठीक, पण पावसाळ्यात चिखल. खुरं सडायची, कासेला सूज यायची. पाड्यावरून शेण काढायला येणारी बुधी आणि काकी मिळून ओली माती उपसायच्या, कोरडी टाकायच्या, आणि संध्याकाळपर्यंत परत तेच.

पुढे नवरा वारला. मुलगा धर्मेश बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना मजूर पुरवायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, "आये, गोठा नवीन बांधू. खर्चाचं मी बघतो. कसा पायजे ते फक्त तू सांग."

काकीचा घास हातातच राहिला. तुला काय पाहिजे, असं त्या घरात तिला कोणी कधी विचारलं नव्हतं.

मग तिने जीव ओतला. मोरी गाईला मोकळ्या जागेत उभं करून गव्हाणीपासून मागच्या खुरांपर्यंत दोरी धरली. जागा आखूड झाली तर पाय मागच्या शेणामुताच्या नाळीत जातात, लांब झाली तर जनावर आपल्याच शेणात बसतं. खाली दगडांचं सोलिंग, त्यावर मुरूम, त्यावर कोबा. गवंडी कोबा घोटून गुळगुळीत करायला निघाला तेव्हा तिने थापी त्याच्या हातातून घेतली आणि ओल्या सिमेंटवर खराट्याने स्वतः रेघा ओढल्या. ढाळ किती द्यायचा यावर वाद झाला. गवंडी म्हणाला, जास्त ठेवू, पाणी झटकन जाईल. काकी म्हणाली, "नको. गाभण जनावराचा भार मागं जातो." वर पसरायला भाताचं तूस आणि पेंढा. ओला झालेला रोज उकिरड्यावर न्यायचा, कोरडा वरून घालायचा. पेंढ्याला आडोसा वेगळा.

धर्मेशने एकाच गोष्टीत लक्ष घातलं. भिंती पुऱ्या उंचीच्या घेतल्या, चार खिडक्या ठेवल्या, विजेचे पॉइंट काढले.

"एवड्या उंच भिंती कशाला रं?"

"उकडतं ना त्यांना. हवा खेळंल. पुढंमागं पंखे लावू."

काकीने हे आळीत घरोघर सांगितलं. माझा पोरगा गाईंना पंखे लावणार हाय! बुधी हसली, "काकी, आमचं घरपन एवडं चांगलं नाय."

पहिल्याच दिवशी मोरी पेंढा हुंगून खाली बसली आणि रवंथ करू लागली. जमिनीचा भरवसा वाटला तरच जनावर असं बसतं. काकी बराच वेळ दारातून हलली नाही.

एक पावसाळा सुखाचा गेला. दिवाळीनंतर, एडवणला दिलेली मुलगी वैष्णवी बाळंत झाली, म्हणून काकी सव्वा महिना तिकडे राहिली. परत आली तर गोठ्याच्या खिडक्यांवर पँट-शर्ट वाळत होते. आत पत्र्याचे आडोसे घालून खोल्या पाडल्या होत्या. गव्हाण फोडून टाकलेली. धर्मेशने कामावर लावलेली माणसं बायकामुलांसह राहायला आली होती.

"मोरी कुटं हाय?"

"वाणगावच्या तबेल्यात. सगळीच दिली. चांगला मानूस हाय."

"मला इचारलंस?"

"इचारलं असतं तर दिली असतीस? गुडगे बघ तुजे. जन्मभर शेनच काडायचं काय?"

काकीने उंच भिंतीकडे पाहिलं. "बांदतानाच ठरवलं होतंस?"

धर्मेश मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "कदी ना कदी उपेगाला येईल, असं वाटलं."

आळीतल्या बायका तिला नशीबवान म्हणू लागल्या. पोराने आईला आराम दिला, आजकाल कोण देतं! बुधीलाही त्याने एका कारखान्यात झाडलोटीच्या कामाला लावलं होतं. रागवायचं कोणावर, तेच काकीला कळेना.

ती रिक्षाने वाणगावला गेली. तबेल्यात मोरी ओल्या सिमेंटवर उभी होती. खाली पेंढ्याची काडी नव्हती. पुढचे गुडघे सोलवटले होते. काकीने मालकाला बोल लावला, तर तो शांतपणे म्हणाला, "काकी, एवड्या जनावरांखाली पेंढा पसरायला गेलो तर त्यांना खायला काय घालू?" काकी मोरीजवळ गेली. मोरीने तिचा हात हुंगला, हातात काही नव्हतं, तेव्हा तोंड वळवून ती चाऱ्याला लागली.

काही दिवसांनी गोठ्यात राहणारी एक तरुण बाई मूल कडेवर घेऊन ओट्यापाशी आली. "आंटी, फर्श ठीक करवा दो ना. पानी एक तरफ भागता है. और बच्चा घुटनों पे चलता है, देखो, सब छिल गया."

मुलाचे गुडघे लाल झाले होते. खराट्याच्या रेघांनी. काकी उठली, आडोशाला उरलेला कोरडा, स्वच्छ पेंढा भाराभर घेऊन त्या बाईच्या दारात गेली. "हे चटईके नीचे डालो. मऊ लगेगा."

बाईने पेंढ्याकडे पाहिलं, मग काकीकडे. "हम जानवर हैं क्या, आंटी?"

काकीने भारा उचलला आणि परत आणला. आपण काय केलं हे तिला कळलं होतं, पण समजावून सांगायला ना हिंदी होती, ना तोंड.

पुढच्या वर्षी धर्मेशने मागच्या चिकूच्या वाडीत आणखी खोल्या काढायचं ठरवलं. "आये, तू जरा उभी ऱ्हा. तू असलीस की काम चोख होतं."

"कोनासाठी बांदतोयस ते आदी सांग."

"भाड्यानं द्यायला. दुसरं काय?"

"मग मला त्यातलं काय कळत नाय," काकी म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. झाडं तोडताना ती बाहेर आली नाही, कोबा घालतानाही नाही. खोल्या तिच्यावाचूनच झाल्या, आणि भाडेकरूही लगेच मिळाले.

धर्मेशने फाटकावर संगमरवरी पाटी लावली: 'पुष्पलता निवास'. काकी आता येते-जाते ती मागच्या दाराने.