ज्ञानूचा धोटा

पिराजीला कबनुरात सगळे कॉम्रेड म्हणतात, निम्मे आदरानं आणि निम्मे चेष्टेनं. कापड विणायच्या साध्या यंत्रमागावर उभं राहून केस पिकले, पण लाल बावटा काही सुटला नाही. त्याच मागावर रातपाळी करणारा ज्ञानू निळ्या झेंड्याचा. सकाळी पाळी बदलली की चहाच्या गाड्यावर दोघांची जुंपायची.

"मालकशाही गेली की जात आपोआप मरती," पिराजी म्हणायचा.

"आधी जात मरू दे की. न्हायतर कामगार एक हुतोयच कुठं?"

मालक विजयसिंह जाता जाता शहाणपण शिकवायचा, "भांडू नका रं. नवी यंत्रं आली की सगळं आपसूक बदलंल. दम धरा." त्याला शिव्या घालण्यावर मात्र दोघांचं लगेच एकमत व्हायचं.

यंदा मजुरीवाढीसाठी संप ठरला. ज्ञानूची माणसं आली तरच तो टिकणार होता, आणि ती येणारच हे पिराजीनं गृहीत धरलेलं.

"आमची न्हाईत येणार," ज्ञानू म्हणाला.

"का रं?"

"माझ्या बदली तुमच्यातला मल्लेश रातपाळीला असला की त्याचा धोटा तू तसाच तोंडाला लावतोस. माझा पुसून घेतोस. तुझी क्रांती तितंच अडती, पिराजी."

साध्या मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात नवी कांडी, म्हणजे सुताची गुंडाळी, घातली की सूत तोंडानं ओढून भोकातून बाहेर काढावं लागतं. आदल्या पाळीवाल्याचे ओठ जिथं लागले, तिथंच आपले लागतात. पिराजीला राग आला. आपण असं केल्याचं त्याला खरोखरच आठवत नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. सबंध आयुष्य ज्याच्यासाठी घोषणा दिल्या, ते आपल्यातच नसेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर त्यानं ज्ञानूच्या हातातून धोटा घेतला, कांडी घातली, तोंडाला लावला आणि सूत ओढलं. मोठ्या तोऱ्यात मान वर केली.

ज्ञानू त्याच्या तोंडाकडं बघतच नव्हता. तो बघत होता डाव्या हाताकडं. त्या हातात शर्टाचं टोक होतं, धोट्याचं तेल लागून ताजं काळं झालेलं.

"पुसलास," ज्ञानू एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन घरी गेला.

रविवारी सभा झाली. ज्ञानूच्या माणसांपैकी कुणी आलं नाही. पिराजी 'कामगार एकजुटीचा' एवढं म्हणाला आणि घोषणा अर्धीच टाकून खाली बसला.